गादीखालचे पोते : एका पद्मिनीची पाठचिकित्सा

'मूळ संहिता' हा शब्द वर्गात फळ्यासमोर उभे राहून उच्चारणे सोपे असते. प्राचीन मराठी वाङ्मयाचा पेपर शिकवताना आम्ही तो गेली अठरा-वीस वर्षे उच्चारत आलो आहोत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली आपल्याला सापडलेल्या जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि एकनाथपूर्व पाठाचा आग्रह धरला. पाठभेद म्हणजे काय, प्रक्षेप कसा ओळखावा, हे सारे आम्ही सांगतो आणि मुले उतरवून घेतात. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मात्र हाच प्रश्न आमच्यापुढे एका मोटारीच्या गादीच्या रूपाने उभा राहिला, आणि उत्तर देताना आमची चांगलीच तारांबळ उडाली.

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की थोड्याच वेळात पिंपळी लागते. आमचे घर तिथे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये १९७८ सालची एक प्रीमियर पद्मिनी अकरा वर्षे उभी होती. आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे, म्हणजे घरातले अण्णा, वालचंदनगरच्या यंत्रशाळेत नोकरीला होते. १९९१ साली त्यांनी ही गाडी इंदापूरच्या एका डॉक्टरांकडून जुनी म्हणून घेतली. २०१४ साली अण्णा गेले, आणि गाडी शेडमध्ये गेली ती तिथेच राहिली. दरम्यान तिच्यावर ज्वारीची पोती, मुलांच्या सायकली आणि कोंबड्यांचा खुराडा असे उत्तरोत्तर संस्कार होत गेले. भंगारवाला दर दिवाळीला भाव विचारून जाई. गेल्या वर्षी आईनेच विचारले, "विकायची तर विका, नाहीतर नीट तरी करा. अशी काय ठेवलीय?" तेव्हा आम्ही नीट करायचे ठरवले.

पत्र्याच्या कामाविषयी इथे विस्ताराने लिहीत नाही. ज्यांनी जुनी गाडी उघडली आहे त्यांना ते ठाऊक आहे, आणि ज्यांनी उघडली नाही त्यांना त्यात रस वाटणार नाही. एवढेच सांगतो की या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पेट्या आणि वरची बॉडी मिळून एकच सांगाडा होतो. त्यामुळे पायाखालचा रबरी गालिचा उचलल्यावर खाली शेडची जमीन दिसली, तेव्हा ती केवळ शोभेची हानी नव्हती. वेल्डिंग, तारेचा ब्रश, रेड ऑक्साइड, लांबी, पुन्हा घासकाम यांत एप्रिल आणि अर्धा मे गेला. गाद्यांची पाळी त्यानंतर आली.

पद्मिनीची पुढची बैठक ही एकसंध बाकासारखी गादी असते. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खोडाला असल्यामुळे मधली जागा मोकळी राहते आणि तिथे तिसरा माणूस, बहुधा एखादे शाळकरी पोर, बसते. ही गादी आम्ही अंगणात उलटी ठेवली आणि एकेक थर सोडवू लागलो. सर्वांत वर आईने शिवलेले टॉवेलच्या कापडाचे कव्हर. त्याखाली तपकिरी रेक्झिन, जे आम्हांला आमच्या बालपणीच्या आणि लग्नानंतरच्या प्रवासांतून परिचित होते. ते काढताना चौकटीच्या कडेला, तारेच्या कड्यांत अडकून राहिलेल्या बोटभर रुंदीच्या फिकट निळसर पट्ट्या सापडल्या. म्हणजे कारखान्यातून आलेली गाडी आतून निळसर होती, आणि कोणीतरी जुने रेक्झिन पुरते न काढता फाडून वर तपकिरी चढवले होते. त्याखाली दबून चपटा झालेला कापूस, मग काथ्या. काथ्याखाली, स्प्रिंगांवर, एरवी साधे किंतान असते. डाव्या बाजूला ते तसेच होते. उजव्या बाजूला, चालकाच्या जागी, किंतानाऐवजी दुमडलेले साखरेचे पोते निघाले. ते सुतळीने स्प्रिंगांना टाचलेले होते. दुमडीत शाईचे ठसे होते. 'शुगर' ही अक्षरे आणि शंभर किलोचा आकडा वाचता आला, कारखान्याचे नाव मात्र घर्षणाने पुसून गेलेले.

(मागच्या गादीत उंदरांनी तीन पिढ्यांचे घर केले होते. फियाट कंपनीने १९३६ साली काढलेल्या छोट्या गाडीला इटालियन लोक लाडाने 'टोपोलिनो' म्हणत, म्हणजे छोटा उंदीर. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या ज्या गाड्या आरंभी जुळवल्या गेल्या त्यांत ही टोपोलिनोही होती. त्या दृष्टीने आमच्या उंदरांचा हक्क जुना म्हटला पाहिजे.)

आता प्रश्न असा की ही गादी पुन्हा करायची ती कशी? निळसर पाठ मूळचा, तपकिरी पाठ प्रचलित, टॉवेलचे कव्हर ही उघड भर आणि साखरेचे पोते हा निःसंशय प्रक्षेप. पाठचिकित्सेचा नियम लावला तर प्रक्षेप काढून टाकावा आणि मूळ पाठ प्रस्थापित करावा. पण मूळ म्हणजे कुणाचे? या संहितेचा कर्ता कोण? हे शोधायला आम्ही जे वाचले, त्यातून हा लेख निर्माण झाला.

पहिले उत्तर अर्थातच वालचंद हिराचंद. आमच्या भागात हे नाव गावाच्या पाटीवर आहे. सोलापुरात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेले हे गृहस्थ लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेच्या कंत्राटांपासून सुरुवात करून जहाज, विमान, साखर आणि मोटार अशा एकाहून एक अवघड धंद्यांत शिरले. १९१९ साली सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून निघाली, १९४० साली बंगळुरात विमानांचा कारखाना उभा राहिला, १९४१ साली विशाखापट्टणला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. गं. दे. खानोलकरांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात हे सारे आले आहे. मोटारीचा कारखाना काढावा ही कल्पना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी तिसाव्या दशकात मांडली, तिच्यामागे वालचंद उभे राहिले. अमेरिकेत फोर्डशी बोलणे फिसकटले, क्रायस्लरशी जमले. पण महायुद्ध सुरू झाले होते, आणि दिल्लीच्या इंग्रज सरकारला हिंदुस्थानात मोटारी तयार व्हाव्यात याची घाई नव्हती. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याहून पहिली वाहने बाहेर पडली. ती होती डॉज, डिसोटो, प्लिमथ अशी दांडगी अमेरिकन वाहने.

छोटी गाडी नंतर आली. वालचंदांना १९४९ साली पक्षाघात झाला आणि ८ एप्रिल १९५३ रोजी ते निवर्तले. ज्या गाडीमुळे त्यांच्या कारखान्याचे नाव घरोघरी गेले ती 'अकराशे' इटलीत बाजारात आली तीच मुळी १९५३ साली. म्हणजे संस्थापकाने ही गाडी आपल्या कारखान्यातून बाहेर पडताना पाहिलीच नाही. गाडीचा आराखडा दांते जाकोसा या फियाटच्या अभियंत्याच्या हाताखाली झालेला; टोपोलिनोही त्याचीच. आमच्या पद्मिनीचे शरीर त्या घराण्यातल्या '११०० डी' या गाडीचे. ती इटलीत १९६२ साली निघाली आणि १९६६ साली तिची जागा पुढच्या नमुन्याने घेतली. कुर्ल्याला ती १९६४ च्या सुमारास 'डिलाइट' या नावाने सुरू झाली, फियाटशी असलेला करार संपल्यावर 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली, आणि १९७४ साली चितोडच्या राणीचे नाव लेवून 'पद्मिनी' झाली. जिथे ती जन्मली तिथे चार वर्षे चालली, आणि इथे पस्तीस-छत्तीस. १०८९ घनसेंटिमीटरचे तेच इंजिन, चारही चाकांना तेच ड्रम ब्रेक.

यामागची कारणे सर्वज्ञात आहेत; तरी त्यांचा एक भाग सहसा सांगितला जात नाही. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवले की ज्यांना इथे सुटे भाग बनवायचे आहेत त्यांनीच राहावे. नुसत्या जुळणीवर असलेल्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या परदेशी कंपन्या गाशा गुंडाळून गेल्या. उरलेल्या दोन-तीन कंपन्यांना परवान्याचे कुंपण मिळाले. गाडीची किंमत सरकार ठरवी. त्या किमतीवरून कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७२ साली निकाल लागला. गिऱ्हाइकाने नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबायचे. स्वस्त छोटी गाडी असावी अशी शिफारस ल. का. झा समितीने साठच्या सुमारास केली, पण ती दोन दशके कागदावर राहिली. याच काळात इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या हिकमतीने 'मीरा' नावाची छोटी मोटार बांधली, तिच्या एकामागून एक आवृत्त्या केल्या आणि उत्पादनाची परवानगी न मिळाल्यामुळे तो प्रयत्न तिथेच संपला. पुढे १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती आली आणि पद्मिनी एका दिवसात म्हातारी झाली. हा झाला नेहमीचा इतिहास. त्यातून निघणारा निष्कर्षही नेहमीचा असतो: स्पर्धा नसल्याने माल जुनाट राहिला. ते खरेच आहे. परंतु पस्तीस वर्षे तीच गाडी रस्त्यावर राहिल्यामुळे दुसरीही एक गोष्ट घडली. गावोगावच्या मिस्त्रींना तिचा बोल्टन् बोल्ट पाठ झाला. प्रत्येक जिल्ह्यात तिचे टीकाकार, म्हणजे भाष्यकार या अर्थी, निर्माण झाले. आणि भाष्य जसे कालांतराने संहितेत मिसळते तसे त्यांचे काम गाडीत मिसळले. आमच्या गाडीचे मागचे पाटे मूळचे नाहीत, रेडिएटरची टाकी पितळी डाग देऊन तीन वेळा सांधलेली आहे, आणि दाराच्या आतली काच वर-खाली करणारी यंत्रणा पुण्याच्या जुन्या बाजारातली आहे.

रेक्झिनचा इतिहासही असाच उसनवारीचा. रेक्झिन हे मुळात मँचेस्टरजवळच्या एका इंग्रज कंपनीच्या मालाचे व्यापारी नाव. सुती कापडावर रासायनिक लेप देऊन चामड्याचा आभास निर्माण करायचा. पुढे त्या लेपाची जागा पीव्हीसीने घेतली, नाव मात्र आपल्याकडे जातिवाचक होऊन बसले. शाळेचे दप्तर, दवाखान्यातले बाकडे, एस.टी.ची सीट, सगळे रेक्झिनचे. या मालाच्या देशी इतिहासात भोर इंडस्ट्रीज हे नाव ठळक आहे. लेदरक्लॉथ वगैरे तयार करताना मधल्या टप्प्यावर निघणाऱ्या पीव्हीसीच्या कच्च्या फिल्मवर अबकारी कर लागतो की नाही, या वादात त्या कंपनीचे नाव १९८९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्याही परिचयाचे झाले. आमच्या तपकिरी रेक्झिनच्या पाठीवर कुठलाच छाप नव्हता, त्यामुळे ते कुठले हे सांगण्याचा मोह आवरतो. पण भोरचे नाव निघाले की आम्हां पिंपळीकरांना वेगळेच काही आठवते. भोरजवळच्या भाटघर धरणाचे पाणी वीरमार्गे नीरा डाव्या कालव्यात येते आणि आमच्या शिवारातून पुढे इंदापूरकडे जाते. या कालव्यावर ऊस आला, उसावर कारखाने आले. वालचंदांनी कळंबच्या परिसरात तिसाच्या दशकात साखर कारखाना उभारला तोही याच पाण्याच्या भरवशावर.

त्या कारखान्याच्या शेतीची दुसरी बाजू इथे सांगितली पाहिजे. ऊसमळ्यांसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या गेल्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खाजगी साखर कारखान्यांची जादा जमीन सरकारजमा झाली आणि १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेली. खंड देणारा मूळ शेतकरी मात्र तसाच राहिला. 'खंडकरी' हा शब्द आमच्या भागात शिवीसारखा नव्हे, पण दुखऱ्या जागेसारखा उच्चारला जातो. जमिनी परत मिळण्यास २०१२ हे साल उजाडले, आणि तोवर सातबाऱ्यावरची आजोबांची नावे नातवांवर आली होती. उद्योगपतीचे चरित्र आणि खंडकऱ्याची आठवण ही दोन्ही एकाच कालव्याच्या काठची साधने आहेत; एक छापले गेले, दुसरे ओट्यावर बोलले गेले.

कुर्ल्याकडेही अशीच नजर टाकली तर काय दिसते? डॉ. दत्ता सामंतांच्या कामगार चळवळीच्या हकिकतीत या कारखान्याचे नाव पुनःपुन्हा येते. परंतु कामगाराचे स्वतःचे नाव शोधू गेलो तर ते आम्हांला सापडले एका खटल्याच्या शीर्षकात: प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध कमलाकर शांताराम वाडके. मोटार विभागातल्या प्रोत्साहन वेतनाबाबत कंपनीने एका संघटनेशी केलेला करार आपल्याला बांधील नाही, असे म्हणून काही कामगार दिवाणी न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. १९७५ साली निकाल लागला तो असा की औद्योगिक विवाद कायद्याने निर्माण केलेल्या हक्काची दाद त्याच कायद्याच्या वाटेने मागावी, दिवाणी न्यायालयाचे दार त्यासाठी नाही. कामगार कायद्याच्या वर्गात आजही हे नाव घेतले जाते, ते मात्र अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यासाठी. किती मोटारी जुळवल्या की किती पैसे वाढतात, हा जो मूळ तंटा, त्याच्यासाठी नव्हे. आमची गाडी त्यानंतर तीन वर्षांनी त्याच विभागातून बाहेर पडली असणार. तिच्या गादीवर निळसर रेक्झिन ताणून तारेच्या कड्या कुणी आवळल्या, ते नाव कुठल्याच शीर्षकात नाही.

गादीच्या कामासाठी आम्ही आधी एका शहरातल्या मोठ्या दुकानात गेलो. तिथे जुन्या गादीकडे कुणी पाहिलेसुद्धा नाही. चार इंची फोम बसवून दिला आणि वर चकचकीत काळे आवरण. घरी आणून गादी गाडीत टेकवली तर डोके छताला आणि गुडघे स्टिअरिंगला लागू लागले. दुसरा गिअर टाकताना हात मांडीवर आपटे. पैसे गेले ते गेले. मग बारामतीतल्या एका वयस्क कारागिराकडे गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांचा मुख्य धंदा तीनचाकी रिक्षांचे हूड आणि ट्रॅक्टरच्या सीटा. बारामतीच्या एमआयडीसीत पियाज्जोचा तीनचाकींचा कारखाना १९९९ सालापासून आहे, तेव्हा इटालियन गाड्या त्यांच्या हाताला नव्या नाहीत, हे आम्ही आपले मनात म्हटले.

चाचांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे फोम काढून बाजूला ठेवला आणि आम्ही पोत्यात भरून नेलेले जुने थर मागितले. तपकिरी आवरणाचे टाके त्यांनी दाभणाच्या टोकाने एकेक करून उसवले, प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण केली आणि तेच नव्या कापडासाठी नमुना म्हणून मांडले. "फाटलेलं असलं तरी माप त्याच्यातच असतंय, सर," ते म्हणाले. नंतर त्यांनी ते साखरेचे पोते हातात घेतले. उलटसुलट पाहिले, टाक्यावरून अंगठा फिरवला. "हे गादीवाल्यानं केलेलं न्हाई. आम्ही असा टाका घालत न्हाई. हा पोती शिवणाऱ्याचा टाका हाय."

आम्ही दोघेही गप्प झालो. चाचांचे म्हणणे असे की साखरेच्या पोत्याचे तोंड सुईने हाताने शिवताना कामगार विशिष्ट अंतरावर, सुतळीला एक पीळ देऊन टाका घेतो. स्प्रिंगांना पोते बांधताना त्या हाताने सवयीने तोच टाका घेतला. म्हणजे चालकाच्या जागेचे किंतान फाटल्यावर कुणीतरी, गोदामात पोती शिवणाऱ्या एखाद्या माणसाने, हाताशी असलेले पोते दुमडून ही दुरुस्ती करून दिली. ते अण्णांच्या काळात घडले की डॉक्टरांच्या, हे सांगता येत नाही. पोते वालचंदनगरचे की भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचे की माळेगावचे, तेही नाही. आईला विचारले तर ती म्हणाली, "ह्यांना कुणीही काहीही करून द्यायचं. हे त्यांची घड्याळं दुरुस्त करून द्यायचे." पुरावा म्हणून हे विधान कुठल्याही संशोधनपद्धतीत बसणार नाही, पण आमच्याकडे याहून अधिक काही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. तो निव्वळ हौसेचा नव्हता, कायद्याचाही होता. १५ वर्षांवरील खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून नव्याने करावी लागते. २० वर्षांपलीकडच्या मोटारींसाठी हे शुल्क २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहा हजार रुपये झाले; आमच्या विलंबाचा दंड वेगळा. याला एक पर्याय आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली आणि मोठे फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. आमची पद्मिनी २०२८ साली पन्नाशी गाठेल. एका जाणकार स्नेह्यांनी सल्ला दिला की थांबा, गाडी पुन्हा निळसर करा, पोतीबिती काढून टाका आणि मग व्हिंटेजचा क्रमांक घ्या, किंमतही येईल. सल्ला व्यवहाराला धरून होता. पण त्याच नियमात पुढे असे आहे की व्हिंटेज गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर न्यायची. म्हणजे संहिता शुद्ध करायची आणि कपाटात कुलूपबंद करायची. आईला दवाखान्यात न्यायला ती चालणार नाही.

त्याहून आम्हांला अडचण वाटली ती 'मूळ रूप' या शब्दाची. गाडी इटलीतल्या एका आराखड्याची नक्कल, तिच्यावर एका राजपूत राणीचे नाव, तिचा संस्थापक तिच्याआधीच दिवंगत, आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती इतकी आपलीशी केली की आतल्या छताला फुलाफुलांचे रेक्झिन हाच तिचा खरा वेष वाटू लागला. २०१५ साली 'टॅक्सी फॅब्रिक' या नावाने तरुण चित्रकारांनी तिथल्या टॅक्सींच्या गाद्या आणि छते आपल्या चित्रांच्या कापडाने मढवली, आणि त्याचे कौतुक परदेशातही झाले. यांतले मूळ कोणते आणि भर कोणती? गाडीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागी संकुले उभी राहिली, टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. कुर्ल्याच्याच सीएसटी रोडवरच्या भंगार बाजारात तिचे सुटे भाग अजून शोधले तर मिळतात. आमचे दाराचे हँडल तिथलेच.

एकनाथांच्या बाजूने एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांच्यापुढे प्रश्न होता लोकांच्या तोंडी असलेली ज्ञानेश्वरी वाचनीय ठेवण्याचा. राजवाड्यांचा प्रश्न वेगळा होता. त्यांना तेराव्या शतकाची भाषा हवी होती. दोघांचे पाठ वेगळे पडले ते त्यामुळे. आम्हांला गाडी १९७८ ची भाषा अभ्यासायला हवी आहे की बसायला, हे एकदा ठरले की बाकीचे सोपे होते. तरीही रंगावर आम्हां दोघांत मतभेद राहिला. एकाचे म्हणणे निळसर, कारण तो कारखान्याचा पाठ; दुसरीचे तपकिरी. आईने रेक्झिनच्या नमुन्यांचे पुस्तक चाळले आणि म्हणाली, "निळी गाडी डॉक्टरांची. आपली तपकिरीच."

चाचांनी गादी आठ दिवसांत केली. काथ्या नवा घातला, त्यावर कापसाऐवजी बोटभर फोम. एवढी सवलत त्यांनी घेतली. रेक्झिन आधी दुपारच्या उन्हात पसरून मऊ केले, मग कोपऱ्यांतून ओढून तारेच्या कड्यांनी आवळले. शिवणीच्या कडेला सुतळी घालून पायपिंग दिले. छताचे अस्तर मात्र आम्ही घरीच केले. ते आडव्या लोखंडी कांबींवर ताणलेले असते आणि पुढच्या काचेचा रबर काढल्याशिवाय त्याची कड आत जात नाही, हे आम्हांला पहिल्यांदा चिकटवून झाल्यावर कळले. मागच्या उजव्या कोपऱ्यात एक सुरकुती राहिली आहे.

साखरेचे पोते झटकून, दोन दिवस उन्हात वाळवून होते तिथेच बसवले. जिथे ते विरले होते तिथे चाचांनी खालून किंतानाचा तुकडा जोडला, पण जुना टाका सोडवला नाही. आपला टाका त्याच्या शेजारून घेतला. निळसर पट्ट्या एका पाकिटात घालून डिकीतल्या हत्यारांच्या पेटीत ठेवल्या आहेत. पाकिटावर १९७८ असे लिहिले आहे. पोत्यावर काही लिहावे का, यावर बराच विचार केला आणि लिहिले नाही, कारण साल माहीत नाही आणि नावही.

नोंदणीची तपासणी अजून व्हायची आहे. हँडब्रेक धरत नाही. तोवर आम्ही कालव्याच्या रस्त्याने संध्याकाळी दोन-चार किलोमीटर जाऊन येतो. आई पुढे मधल्या जागी बसते, आणि तिसरा गिअर टाकताना तिला दर वेळी गुडघा बाजूला घे म्हणून सांगावे लागते.